चादरीला पाडलेली खिडकी

आमच्याकडे सासू जावयाशी बोलत नाही. भांडण असतं म्हणून नाही, रीतच तशी. जावई दारात आला की डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा, आतल्या खोलीत जायचं आणि काही सांगायचं असेल तर कुणाच्या तरी तोंडून सांगायचं. कुणीच नसेल तर दाराच्या चौकटीला सांगायचं. "चहा ठेवलाय म्हणावं." जावईही शहाणा असला की चौकटीलाच उत्तर देतो, "साखर कमी टाका म्हणावं." हसू नका, माझी सगळी हयात तापीकाठच्या गावात असंच बोलत गेली. माझ्या लेकीचं लग्न होऊन तिची पोर नाशिकला कॉलेजात गेली, तरी मी जावयाशी एक शब्द समोरासमोर बोलले नव्हते. मला त्याचा अभिमानच होता, खरं सांगते.

मग माझ्या छातीत गाठ निघाली.

सुरतेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून द्यायची ती औषधं सुरू झाली. मुलगा सुरतेलाच असतो, पण एका खोलीत, नवरा-बायको दोघंही कामावर. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, गावच्या घरात मी एकटी. मग लेक म्हणाली, माझ्याकडे शहाद्याला चल. आता बघा, लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी आई होती माझी. मी तिचीच मुलगी. आणि मी कपड्यांची पिशवी घेऊन लेकीच्या घरी राहायला गेले, तिच्या सासूच्या डोळ्यांदेखत. पहिली लाज तिथली.

पण माझी विहीण तोंडाने तिखट असली तरी मनाने मऊ. मी उंबऱ्यातच घुटमळले तर म्हणाली, "या इहीनबाई, या. आते लाजी राहिन्यात तं जेवशात कव्हय?" आणि माझ्या हातातली पिशवी ओढूनच घेतली.

तर त्या औषधाचं असं की ते गाठीला मारतं, पण अंगातल्या पांढऱ्या पेशींनाही मारतं. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले राखणदार. ते कमी झाले की साधी सर्दीसुद्धा माणसाला घेऊन जाते. म्हणून दर वेळच्या औषधानंतर पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं घ्यायची. औषध संपलं की लगेच नाही, पूर्ण एक दिवस जाऊ द्यायचा आणि मग रोज एक, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत. आणि ती द्यायची कुठे? पोटावर. दंडावर नाही का, म्हणून मी लेकीच्या कानात विचारलं, लेकीने सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाली, "दंडाला मागून देता येतं, पण आजींच्या दंडावर कातडीशिवाय आहेच काय? मांडीवर देऊ का?" मांडी! मी पदराआड गेले ती बोललेच नाही.

रोज दवाखान्यात जाऊन टोचून घ्यायचं तर तिथे बाकावर खोकणारी माणसं. तीच गर्दी टाळायला सांगितली होती. म्हणून घरातल्या कुणीतरी शिकून घ्या, असं ठरलं. लेकीने सुई हातात धरली आणि घेरी येऊन खुर्चीवर बसली. पोरगी लहानपणापासून तशीच, कोंबडीचं रक्त दिसलं तरी पांढरी पडायची. विहिणीची नजर अधू. राहिले कोण? जावई. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत, उसाच्या गाड्या मोजून मोजून स्वभावही तसाच झालाय, शांत आणि चोख. सिस्टरने सांगितलेलं सगळं त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं तर फेकून द्यायचं. हलवायचं नाही. द्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचं. हात साबणाने धुवायचे. बेंबीपासून लांब टोचायचं, आणि रोज जागा बदलायची. वापरलेली सुई जाड डब्यात टाकायची, कचऱ्यात नाही.

सुरतेहून परत येताना आगगाडीत इंजेक्शनांचा थंड डबा त्यांच्या मांडीवर होता. खांडबारा स्टेशन गेलं तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही. मी समोरच्या बाकावर पदराच्या आतून बघत होते आणि मला एकच विचार, हा माणूस उद्या माझं पोट बघणार.

त्या रात्री मी लेकीला म्हटलं, "मन्हाघाई नही व्हनार. मरी गऊ तरी चाली."

"माय, येडी व्हयनी का तू? त्या काय परका शेतस का?"

"परका नही म्हनीसनच तं!" परक्या डॉक्टरसमोर एक वेळ चालतं. जावयासमोर कसं चालेल, हे मी तिला समजावू शकले नाही आणि तुम्हालाही समजावता येत नाहीये मला. ज्याच्या पायावर मी लग्नात पाणी घातलं, त्याच्यासमोर आडवं पडून लुगडं सैल करायचं.

विहिणीने हे स्वयंपाकघरातून ऐकलं. ती कसली गप्प बसते, आपल्या मुलाची बाजू घेऊन म्हणाली, "इहीनबाई, मन्हा आंडोरले तुमनं पोट दखानं नही, सुई टोचानी शे. अन् दखं तरी काय, दखासारखं काय ऱ्हायनं आपलं?"

सगळे हसले. मीही हसले तोंडावर पदर धरून, पण आतून मला रडू येत होतं.

सकाळी मी उपाय काढला. एक जुनी पांढरी चादर मागून घेतली आणि तिच्या मधोमध कात्रीने रुपयापेक्षा थोडी मोठी अशी खिडकी पाडली. कडा उसवू नये म्हणून तिला चारी बाजूंनी काज शिवलं. शिवण मी कुणाकडून शिकले नाही, लिहिणं-वाचणंही नाही, बायकांच्या आणि पोरांच्या बाजूला बसून दोन्ही आलं. पण शिवण माझं बारीक. विहिणीने चादर उजेडात धरून बघितली. "इतलं बारीक काज तं मन्हा पोलकाले बी कोनी करं नही."

मग मी पलंगावर आडवी झाले, गळ्यापासून पायापर्यंत चादर, तोंडावर पदर, आणि दोन्ही हातांनी खिडकीच्या कडा घट्ट धरलेल्या. लेक उशाशी भिंतीकडे तोंड करून उभी. जावई आले. त्यांनी काही विचारलं नाही, हसले नाहीत. स्पिरिटचा गार बोळा लागला, वाळेपर्यंत ते थांबले, मग मुंगी चावल्यासारखं झालं. "झालं म्हणावं," ते लेकीला म्हणाले आणि बाहेर गेले. मी पदराच्या आत घामाने भिजले होते.

दुसऱ्या दिवशी ते लेकीला म्हणाले, "आज दुसरी बाजू घ्यायला सांग. रोज जागा बदलायची आहे."

आता दुसरी बाजू म्हणजे काय? भिंतीकडची. त्यासाठी त्यांना पलंगावरून माझ्यावर वाकावं लागणार, नाहीतर मला उलटीकडे डोकं करून निजावं लागणार, चादर सरकवावी लागणार. सरकवताना काय उघडं पडेल, काय नाही. मी चादरीच्या आत हात घालून खिडकी नखभर सरकवली आणि लेकीला म्हटलं, "बदलनी म्हन."

तिसऱ्या दिवशीही तेच. "कालच्या जागेजवळच वाटतंय," ते म्हणाले, अगदी हळू.

"नही म्हन. नवी शे."

ते क्षणभर सुई धरून थांबले, हे मला जाणवलं. पण जावयाने सासूला खोटं कसं म्हणायचं? माझ्या शब्दाचा मान ठेवून त्यांनी टोचलं. त्यांचा मान, माझा मान, आणि खाली ती कातडी. रोज तिथंच, तिथंच. ती कडक झाली, मग लाल, मग हात लावला की ठणकायची. मी ती कुणाला दाखवली नाही. लेकीला दाखवली असती तर ती त्यांना सांगणार, मग ते बघायला मागणार.

त्यात ते इंजेक्शन हाडं दुखवतं. हे आधी सांगितलं होतं, राखणदार हाडांच्या आत तयार होतात म्हणून हाडं दुखतात, घाबरू नका, पण सांगा. माझी दुखायची कंबर आणि त्याच्याही खाली, माकडहाडाच्या आजूबाजूला. ते मी चौकटीला कसं सांगू? घरात तापाच्या गोळ्या होत्या. सिस्टरने बजावलं होतं, गोळी मनाने घेऊ नका, आधी ताप बघा, गोळीने ताप लपतो, आणि ताप हाच आपला इशारा आहे. मी दुखण्यावर म्हणून गुपचूप गोळी घेत गेले.

रविवार होता. विहिणीच्या भाचीची हळद होती गावात. लेक म्हणाली, मी थांबते. मी तिला ढकललं, "जाय, लोके काय म्हंतीन?" गर्दीत मला नेता येत नव्हतं. जावई म्हणाले, मी थांबतो, सुट्टीच आहे. दोघी जरीच्या साड्या नेसून गेल्या. घरात मी आतल्या खोलीत, जावई बाहेरच्या खोलीत, मधे चौकट.

दुपारी मला थंडी वाजायला लागली. बाहेर चांगलं कडक ऊन, पंखा बंद, आणि मी गोधडीत. पोटावरची ती जागा धडधडत होती. मला कळत होतं हो. मी काही अडाणी नव्हते, सगळं ऐकलेलं होतं, शंभराच्या वर ताप गेला की वेळ बघायची नाही, सरळ दवाखाना. मी चौकटीला म्हटलं, "अंग जरा गरम वाटतंय म्हणावं."

लगेच पावलं वाजली. दाराच्या आत एक हात आला, स्टीलच्या ताटलीत थर्मामीटर. ताटली जमिनीवर ठेवून हात मागे गेला. मी थर्मामीटर काखेत धरला. तो वाजला. बघितला. एकशे एकच्याही पुढे.

"मामी," बाहेरून आवाज आला. चौकटीला नाही, मला. "कितला शे?"

मला आजही तो क्षण आठवला की कानशिलं तापतात. मी काय विचार केला, सांगू? ताप आहे म्हटलं तर दवाखाना. दवाखाना म्हटलं तर पोट बघणार. पोट बघितलं तर ती जागा दिसणार, आणि मी रोज खोटं बोलत होते हे यांना कळणार. शिवाय हळदीतून दोघींना उठवून आणावं लागणार, चार बायका म्हणणार, लेकीच्या घरी येऊन पडली आणि शुभकार्यात विघ्न आणलं. जीव जाईल हे मनात आलं नाही असं नाही. आलं. पण ते सगळ्यात शेवटी आलं. मी बटण दाबून थर्मामीटर बंद केला, ताटलीत ठेवला आणि ताटली पायाने दाराकडे सरकवली. "ठीक शे म्हणावं."

मग पावलं परत गेली.

किती वेळ गेला कोण जाणे. माझे दात एकमेकांवर आपटायला लागले, इतके की आवाज मलाच ऐकू येत होता. जीभ कोरडी पडली. खोलीच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटायला लागल्या, आणि मला एकदम भीती वाटली, साधी, लहान पोरासारखी. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि काय हाक मारू हेच कळेना. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी हाकच मारली नव्हती! नाव घ्यायचं नाही, अहो म्हणायचं नाही. तोंडातून निघालं ते, "बापू! बापू, मले ताप शे. लई ताप शे. मी खोटं सांगं."

ते धावत आत आले. माझा पदर कुठे होता मला माहीत नाही.

त्यांनी पुन्हा ताप बघितला, सुरतेच्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडून सांगितलं, इथपर्यंत येऊ नका, वाट बघू नका, भरती करून घेणारा जवळचा दवाखाना गाठा, आणि तिथे पोचताच सांगा की पेशंटचं कॅन्सरचं औषध चालू आहे, पांढऱ्या पेशी कमी असतील. गाडी करून आम्ही नंदुरबारला गेलो. वाटेत मी त्यांच्या खांद्याला टेकून होते. सावळदे गाव येईपर्यंत लाज वाटत होती, मग वाटायचीसुद्धा शुद्ध राहिली नाही.

तिथल्या डॉक्टर तरुण बाई होत्या. रक्त घेतलं, सलाईन लावलं, त्यातून औषध सोडलं. मग अंग तपासताना त्यांनी पोटावरचं कापड बाजूला केलं आणि थांबल्या. "हे काय? रोज एकाच ठिकाणी कोण टोचतंय?"

पडद्याच्या पलीकडून आवाज आला, "मी, मॅडम. चुकलं माझं."

"तुम्हाला जागा बदलायला सांगितलं नव्हतं का? बघा इथं, कातडी पिकायला लागलीय. यांच्या अंगात जंतूंशी लढायला ताकद नाहीये, आणि तुम्ही जंतूंना दार उघडून देताय. शिकलेले दिसता ना तुम्ही?"

"हो मॅडम."

"मग?"

"लक्ष द्यायला पाहिजे होतं."

मी पडून होते, शुद्धीत होते, ऐकत होते. माझ्या तोंडावर पदर होता, तो मी आत आल्याआल्या चाचपडून ओढून घेतला होता. आणि त्या पदराच्या आत मी गप्प बसले. पोट उघडं पडल्याची लाज मी इतके दिवस जपली, ती त्या एका गप्प बसण्यापुढे काहीच नव्हती. माणूस माझ्यासाठी बोलणी खात होता, आणि मला अजूनही वाटत होतं की परक्या बाईसमोर जावयाशी कसं बोलायचं.

संध्याकाळी लेक आणि विहीण आल्या, हळदीने पिवळे हात तसेच. दारातच लेक रडायला लागली. मास्क लावूनच आत जा, एकेकीनेच जा, असं सिस्टरने सांगितलं, पण विहीण कुणाचं ऐकते? ती मास्क लावून दारातूनच मुलावर सुटली. डॉक्टरने काय सांगितलं ते तिला बाहेर कळलंच होतं. "काट्यावर बठीसन दिनभर मोजस ना तू? एक बोटभर जागा मोजता ऊनी नही तुले? तुन्हा सासरा ऱ्हाता तं काय तोंड दखाडतास?"

ते खाली मान घालून उभे. तेव्हाही माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

मी उठून बसले. सलाईनची नळी ताणली गेली. पदर मागे केला, कपाळापर्यंत नाही, पार मागे. औषधाने केस गेलेलं माझं डोकं सगळ्यांना दिसलं. "इहीनबाई," मी म्हटलं, "त्यासनी चूक नही शे. चादर मी धरी ठेयेल व्हती. त्या रोज इचारेत, जागा बदलनी का, अन् मी रोज खोटं सांगू. ताप बी मी लपाडा." मग त्यांच्याकडे वळून, तोंडाकडे नाही बघता आलं, शर्टाच्या बटणाकडे बघून म्हटलं, "बापू, मन्हामुळे तुमले आयकनं पडनं."

मग विहीण म्हणाली, "लाज बी कितली करवी मानूसनी! मरी जातात तं आम्ही तोंड कोठे लपाडतूत?" आणि तोंडावरचा मास्क न काढता डोळे पुसले.

त्या दवाखान्यात माझे बरेच दिवस गेले. ती जागा चिरून साफ करावी लागली. पुढचं औषध लांबलं, डॉक्टरांना ते आवडलं नाही, आणि त्याचा काय परिणाम होईल हे मला कुणी नीट सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी केलेल्या गोष्टीचं उत्तर मी कोणत्या तोंडाने विचारणार?

मग औषधाची पुढची पाळी आली, आणि तिच्यानंतर पुन्हा इंजेक्शनं. लेक म्हणाली, नर्स बघते कुणीतरी घरी येणारी. मी म्हटलं, नको. का नको म्हटलं ते मला तेव्हा सांगता आलं नाही. नर्स आली असती तर त्यांना वाटलं असतं की विश्वास नाही. त्यांनी तर एकदाही चूक केली नव्हती.

त्यांनी अर्धा तास आधी इंजेक्शन बाहेर काढून टेबलावर ठेवलं. हात धुतले. मी पलंगावर बसले, आणि माझ्या हातांनी लुगड्याची निरी सैल केली. लागेल तेवढीच. चादर घेतली नाही.

"मामी, आज कुठे द्यायचं? तुम्हीच दाखवा. जुन्या जागेपासून लांब."

मी डावीकडे दाखवलं.

"अजून थोडं बाजूला. बेंबी जवळ आहे."

मी बोट सरकवलं. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की लाज मला एकटीलाच वाटत नव्हती. ते इतके दिवस माझ्यापेक्षा जास्त लाजत असतील, आणि त्यांना धरायला चादरही नव्हती.

"इथं?"

"इथं," मी म्हटलं.

स्पिरिट वाळलं. त्यांनी कातडी चिमटीत धरली, सुई गेली, बाहेर आली. त्यांनी ती जाड डब्यात टाकली आणि झाकण लावलं. मी निरी खोचली, पदर डोक्यावर घेतला. चेहरा तापलेलाच होता. लाज गेली म्हणणार नाही मी, खोटं पुरे झालं. रोज वाटायची, शेवटच्या इंजेक्शनापर्यंत वाटली.

"दुखलं का, मामी?"

"जराक," मी म्हटलं. "कंबर दुखी ऱ्हायनी बापू. कंबर अन् तिन्हा खाले, माकडहाड. गोळी लेऊ का?"

"आधी ताप बघू," ते म्हणाले आणि थर्मामीटर आणायला गेले.